सणाची उचल, सोमवारची फेड

फराळ, आकाशकंदील, अंगणातला मातीचा किल्ला आणि दिवाळी अंक ही मराठी घरातील दिवाळीची चार अंगे पूर्वापार चालत आली आहेत असे आपण समजतो. वास्तविक त्यांतील शेवटचे अंग तसे अर्वाचीनच, कारण काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. परंतु एखादी गोष्ट सणाला एकदा जोडली गेली की दोन पिढ्यांत तिची परंपरा होते आणि तिसऱ्या पिढीला तिच्यावाचून सण अपुरा वाटू लागतो. याच न्यायाने आता दिवाळीला पाचवे अंग येऊन जडले आहे, आणि ते म्हणजे पाडव्याला किंवा भाऊबीजेला, घरी जमलेल्या लेकी, जावई, भाचरे आणि आजी या सर्वांना बरोबर घेऊन पाहावयाचा नवा चित्रपट. हा चित्रपट कोणता असावा हे कोण ठरवते, तो तसाच का असतो आणि सण सरल्यावर त्याचे काय होते, या प्रश्नांकडे समीक्षक सहसा वळत नाहीत. प्रस्तुत लेखक समीक्षक नव्हे. सणासुदीला घरच्या मंडळींची तिकिटे काढून देणाऱ्या सामान्य प्रेक्षकांपैकी तो एक आहे, आणि म्हणूनच पडद्याइतकेच पडद्यासमोरच्या रांगांकडेही पाहण्याची त्याला खोड आहे.

दिवाळी आणि चित्रपट यांची सांगड ज्यांनी घातली त्यांच्या एका हाती पंचांग होते तर दुसऱ्या हाती हिशेबाची वही. पितृपक्षात मोठ्या खर्चाचा चित्रपट लावण्यास निर्माते कचरतात. नवरात्रात संध्याकाळचा प्रेक्षक देवीकडे आणि गरब्याकडे वळतो. शाळकरी मुलांच्या घरांवर सहामाही परीक्षेचे सावट असते. आणि मग एकाच पंधरवड्यात शाळांना सुटी लागते, कारखान्यांत व कचेऱ्यांत बोनस हाती पडतो, आणि वर्षभर गावोगाव विखुरलेली माणसे एका छपराखाली येतात. त्यात २००९ साली निर्माते व वितरक एका बाजूस आणि मल्टिप्लेक्सचे मालक दुसऱ्या बाजूस असा जो तंटा दोन महिने चालला, त्याच्या अखेरीस झालेल्या करारनाम्याने या पंधरवड्याचे मोल आणखी वाढवले. तिकिटाच्या निव्वळ उत्पन्नातील ५० टक्के वाटा पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या पक्षाला मिळावा, दुसऱ्यात तो ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के असावा, असे त्यात ठरले. म्हणजे तोच प्रेक्षक त्याच खुर्चीत तेवढेच पैसे मोजून तीन आठवडे उशिरा बसला, तर निर्मात्याच्या पदरी त्याचे मोल बरेच उतरलेले असते. तेव्हा जो पहिल्याच आठवड्यात घरेच्या घरे चित्रपटगृहात आणून बसवील असा दिवस निर्मात्याला हवा असतो, आणि असा दिवस सणाखेरीज दुसरा नाही.

ऊसतोडणीच्या हंगामापूर्वी मजूर मुकादमाकडून जी उचल घेतो, तशीच सण ही चित्रपटाने घेतलेली प्रेक्षकांची उचल आहे. काम दाखवण्याआधीच ती हाती पडते. परंतु ती बक्षिसी नव्हे, आणि तिची फेड सोमवारी सकाळी, मंडळी आपापल्या गावी परतली म्हणजे, सुरू होते. दिवाळीच्या चित्रपटांविषयी जे काही सांगण्यासारखे आहे ते सारे या उचलीच्या आणि फेडीच्या हिशेबात सापडते असे या लेखकाचे मत झाले आहे.

आता ही उचल मिळते कशी ते पाहू. आठ-दहा माणसांचे कुटुंब चित्रपटाला निघते तेव्हा निवड बहुमताने होत नाही, ती नकाराधिकाराने होते. आजीला मारामारी नको, लहानग्याला रडारड नको, जावयाला भक्तिपट नको, महाविद्यालयात जाणाऱ्या भाचीला आईसमोर ओशाळे व्हावे लागेल असे दृश्य नको. आणि हे सारे नकार वजा जाता जो चित्रपट उरतो त्याची तिकिटे निघतात. कोणाचीही पहिली पसंती नसलेला आणि कोणाचाही ठाम विरोध नसलेला हा चित्रपट तयार करणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे. त्यासाठी नाव परिचित लागते, म्हणून पूर्वी गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा किंवा तिसरा भाग काढला जातो. घरातील प्रत्येक वयाला आपापला नट किंवा नटी सापडावी लागते, म्हणून ताऱ्यांची पंगत बसवली जाते. आणि थोडे हसू, थोडी भीती, थोडे नृत्य व थोडी नीती यांचे प्रमाण असे राखावे लागते की मधूनच उठून पॉपकॉर्न आणावयास गेलेल्याचे फारसे काही बुडू नये.

असे असले तरी सणाच्या मुहूर्तावर लागलेला प्रत्येक चित्रपट या साच्यातलाच असतो असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १९४४ च्या दिवाळीत मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात लागलेला तमिळ ‘हरिदास’ त्याच पडद्यावर इतका काळ टिकला की त्याने ओळीने तीन दिवाळ्या पाहिल्या, त्यात एम. के. त्यागराज भागवतरांचे गाणे होते, आणि मराठी वाचकाला विशेष वाटावे असे हे की त्याची कथा पंढरीच्या पांडुरंगाच्या भक्तांच्या आख्यानांतून घेतलेली होती. १९५७ च्या दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, मुंबईच्या लिबर्टीत मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ लागला. ज्या सप्ताहात पेढ्यापेढ्यांवर चोपड्यांचे पूजन झाले, त्याच सप्ताहात सावकाराच्या चोपडीने ज्याच्या घराची धूळधाण केली अशा शेतकरी मुलाच्या बंडाची कथा नागरिकांनी गर्दी करून पाहिली, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण म्हटला पाहिजे. आणि २० ऑक्टोबर १९९५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, आदित्य चोप्रा नावाच्या तरुण दिग्दर्शकाचा जो पहिला चित्रपट आला, त्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात डिसेंबर २०१४ मध्ये १००० आठवडे पुरे केले. या तिघांनाही सणाने आरंभीची गर्दी दिली असेल. परंतु तीन दिवाळ्या किंवा १००० आठवडे कोणताही सण देऊ शकत नाही.

हा फरक २०२४ च्या दिवाळीत जितका स्पष्टपणे पाहावयास मिळाला तितका अलीकडच्या काळात क्वचितच मिळाला असेल. त्या वर्षी अमावास्या दोन दिवसांत विभागली गेल्यामुळे लक्ष्मीपूजन कोणत्या दिवशी करावे याविषयी देशात दोन पक्ष पडले, आणि महाराष्ट्रातील घरांत ते बहुतेक १ नोव्हेंबरला, शुक्रवारी झाले; नेमक्या त्याच दिवशी रोहित शेट्टी यांचा ‘सिंघम अगेन’ आणि अनीस बज़्मी यांचा ‘भूल भुलैया ३’ हे दोन मोठे हिंदी चित्रपट समोरासमोर उभे ठाकले. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ मराठी गृहस्थ चित्रपटगृहात घालवीत नाही. पण पुढे शनिवारी पाडवा आणि रविवारी भाऊबीज अशी सणाची व सुटीची जी जोड आली होती, तिने ती उणीव भरून काढली. दोन्ही चित्रपट मालिकांतले, दोहोंत ताऱ्यांचा सुकाळ, आणि दोन्हीही अडीच तासांच्या घरातले. कोणता पाहावयाचा हा प्रश्न त्या तीन दिवसांत अनेक घरांत मारामारी विरुद्ध भुते या स्वरूपात निकालात निघाला असला पाहिजे.

‘सिंघम अगेन’कडे मराठी प्रेक्षक थोड्या आपलेपणाने पाहतो, आणि त्याला कारण आहे. २०११ च्या पावसाळ्यात, कोणत्याही सणाचा आधार न घेता आलेल्या पहिल्या ‘सिंघम’चा मूळ आधार एक तमिळ चित्रपट असला तरी त्यातील बाजीराव सिंघम हा गोव्याच्या सीमेजवळच्या शिवगड गावचा मराठी फौजदार होता, त्याच्या भोवती गाव होते, वडीलधारी माणसे होती, अशोक सराफांसारखा हवालदार होता, आणि त्याच्या रागाला जमिनीचा स्पर्श होता. १३ वर्षांत त्या फौजदाराचा हुद्दा वाढला, त्याचे कार्यक्षेत्र वाढले, आणि त्याच्या मदतीला रणवीर सिंह, अक्षय कुमार, दीपिका पदुकोण, टायगर श्रॉफ अशी फौज उभी राहिली. मात्र शिवगड दृष्टीआड झाले. प्रत्येक ताऱ्याच्या आगमनाला धूळ उडवणारी वाहने, मंद गतीची पावले आणि टाळ्यांसाठी राखून ठेवलेला अवकाश द्यावा लागत असल्यामुळे कथेचा बराचसा वेळ स्वागतसमारंभात जातो, आणि शेवटी, सर्व काही संपल्यावरही, आणखी एका ताऱ्याचे ओझरते दर्शन शिल्लक असते. मुलांना हे सारे आवडते, यात संशय नाही. प्रत्येक आगमनाला जी आरोळी उठते तिच्यात वय वर्षे सहा ते सोळा यांचा वाटा सर्वांत मोठा असतो.

या चित्रपटाची बांधणी मात्र विचार करण्याजोगी आहे. सिंघमची पत्नी सांस्कृतिक खात्याच्या वतीने रामलीला सादर करीत असते, खलनायक तिचे अपहरण करून तिला श्रीलंकेत नेतो, आणि रंगमंचावरील रामलीला व पडद्यावरील पाठलाग हे दोन्ही आलटून पालटून दाखवले जातात, जेणेकरून कोण राम, कोण लक्ष्मण, कोण हनुमान आणि कोण रावण हे ओळखण्याचे श्रम प्रेक्षकाला पडू नयेत. दिवाळी म्हणजे श्रीरामांचे अयोध्येस परत येणे, हा अर्थ उत्तरेकडे प्रमुख आहे. महाराष्ट्राची दिवाळी मात्र नरकासुराचा वध, बळिराजाचे स्मरण, धनाची व गोधनाची पूजा, बहीणभावांची भेट आणि मुलांनी रचलेले शिवरायांचे किल्ले अशी बहुमुखी आहे, आणि ज्या गोव्यात सिंघमने आपले पहिले शौर्य गाजवले तेथे तर नरकचतुर्दशीच्या पहाटे गावोगाव नरकासुराच्या प्रतिमा जाळल्या जातात. मराठी फौजदाराच्या दिवाळीच्या चित्रपटात या पहाटेला जागा मिळू नये, याचे वैषम्य वाटते. पण त्याची कारणमीमांसा अवघड नाही. ज्याला सर्व देशाच्या सर्व घरांची उचल हवी आहे त्याला सण एकच आणि त्याचा अर्थही एकच ठेवावा लागतो, आणि प्रांताप्रांतांचे वेगळेपण हे कुटुंबातल्या नकारांसारखेच वजा करून टाकावे लागते.

‘भूल भुलैया ३’ हा बंगालमधील एका जुन्या राजवाड्यात घडतो, आणि ज्या अमावास्येला आपण लक्ष्मी पूजितो त्याच रात्री बंगालमध्ये कालीपूजा होते हे ध्यानात घेतले तर ही जागा दिवाळीला अगदीच परकी नव्हे. याही मालिकेचे मूळ दक्षिणेत, १९९३ च्या ‘मणिचित्रताळ’ या मल्याळम चित्रपटात आहे. त्या कथेतील भुताचे मूळ माणसाच्या मनात होते, आणि २००७ चा पहिला हिंदी ‘भूल भुलैया’ही त्या विचाराशी बव्हंशी प्रामाणिक राहिला. तिसऱ्या भागाचा पूर्वार्ध मात्र कार्तिक आर्यन याच्या ढोंगी मांत्रिकाच्या विनोदांवर चालतो, आणि त्यांतील निम्मे विनोद असे आहेत की ते ऐकताना भाचे हसतात आणि आजी भाच्यांकडे पाहून हसते. विद्या बालन आणि माधुरी दीक्षित या दोघी एकत्र नृत्यास उभ्या राहतात तेव्हा मात्र सभागृह एकाएकी स्तब्ध होते; विद्याच्या हालचालींत अभिनेत्रीचा आवेश आणि माधुरीच्या हालचालींत लहानपणापासून कमावलेल्या कथकचा ठेहराव, असा जो भेद दिसतो तो ज्याला नृत्यातले काही कळत नाही त्यालाही जाणवतो.

शेवटच्या भागात या चित्रपटाने एक अनपेक्षित गोष्ट केली. तिचे रहस्य उघड करणे शिष्टाचाराला सोडून होईल. एवढेच सांगता येईल की ज्या भुताला अडीच तास भ्यायचे, त्याच्या मागे घरच्यांनीच केलेल्या एका अन्यायाची हकीकत निघते, आणि तो अन्याय अशा प्रकारचा आहे की ज्याचा उच्चार दिवाळीला जमलेल्या बहुतेक कुटुंबांत आजवर झालेला नसेल. विनोदाच्या आणि भीतीच्या आवरणाखाली का होईना, आजी आणि नातू शेजारी बसलेले असताना ती गोष्ट बोलली गेली, आणि कोणी उठून गेले नाही. सर्वांच्या नकारांतून गाळून काढलेल्या चित्रपटात असा एखादा कण शिल्लक राहिला तर त्याचा परिणाम गंभीर चित्रपटापेक्षा अधिक दूर पोहोचतो, कारण गंभीर चित्रपटाला आजी येतच नाही.

दोहोंचा व्यावसायिक निकाल बोधप्रद लागला. पहिल्या दिवशी ताऱ्यांची मोठी फौज असलेला ‘सिंघम’ पुढे होता. सण सरला, आठवडे उलटले, तसतसा ‘भूल भुलैया’ त्याच्या बरोबरीला आला आणि देशातील उत्पन्नात पुढे निघून गेला. याहून कठोर उदाहरण २०१८ चे आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी, दिवाळीतच, अमिताभ बच्चन आणि आमिर खान यांना प्रथमच एकत्र आणणारा ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ प्रदर्शित झाला, आणि हिंदी चित्रपटाला तोपर्यंत मिळालेल्या सर्वांत मोठ्या आरंभांत त्याची गणना झाली. परंतु दुसऱ्या दिवसापासून जी उतरण लागली ती थांबली नाही. त्याच दिवशी ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा मराठी चित्रपटही आला होता. मराठी रंगभूमीवर ज्याच्या प्रवेशाला टाळ्या पडत त्या दंतवैद्य नटाचे हे चरित्र सुबोध भावे यांनी उभे केले होते. आरंभी त्याच्या वाट्याला खेळ कमी आले, त्यावरून वाद झाला, आणि मग प्रेक्षकांच्या ओघाबरोबर खेळ वाढत गेले. पहिल्याला उचल भरपूर मिळाली होती, दुसऱ्याला नाममात्र. फेड मात्र दुसऱ्यानेच नीट केली.

खेळांच्या वाटपाचे हे भांडण नवे नव्हे. १९७१ साली दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरमध्ये पडदा मिळावा म्हणून शिवसेनेला मध्ये पडावे लागले, ही कथा सर्वश्रुत आहे. २०१२ च्या दिवाळीत ‘जब तक है जान’ आणि ‘सन ऑफ सरदार’ एकाच दिवशी आले तेव्हा पडदे अडवल्याची फिर्याद थेट भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेली होती आणि आयोगाने ती फेटाळली. म्हणजे मोठे मोठ्यांशीही भांडतातच. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सांत संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली, आणि थोड्याच दिवसांत ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ऐसपैस करून घेतली. हुकमाने पडदा मिळू शकतो, प्रेक्षक मिळत नाही. पण पडदाच नसेल तर प्रेक्षकाने यावे कोठे, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. म्हणून मराठी निर्माता बहुधा दिवाळीच्या आधी किंवा नंतरची वाट धरतो. २०२४ सालीच पाहा: बाबासाहेब पुरंदरे यांच्या कादंबरीवरील ‘फुलवंती’ दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ११ ऑक्टोबरला आला, आणि मराठवाड्यातील पाणीटंचाईवरचा आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ १८ ऑक्टोबरला. दोघांनाही आपला संसार त्या दोन बलाढ्यांची स्वारी येण्यापूर्वी आवरावा लागला.

आणि तरीही सणावाचून चित्रपट उभाच राहू शकत नाही असे म्हणावे, तर त्याच वर्षाचा ‘मुंज्या’ आडवा येतो. पिंपळावर बसणाऱ्या कोकणातल्या मुंज्याची ही हिंदी कथा आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाने ७ जून २०२४ रोजी, ऐन पावसाच्या तोंडावर, एकही बडा तारा न घेता आणली. ‘सिंघम अगेन’मधून पुसले गेलेले प्रांताचे वेगळेपण हेच तिचे भांडवल होते, आणि एका प्रेक्षकाने दुसऱ्याला सांगत सांगत ती १०० कोटींच्या पलीकडे गेली. पुढल्या वर्षी, २१ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्याच दिग्दर्शकाच्या ‘थामा’ला दिवाळीचा मुहूर्त मिळाला. जूनमधील रिकाम्या आठवड्यांत ज्याने उचल न घेता काम करून दाखवले, त्यालाच मग मोठी उचल देण्यास व्यवसाय पुढे सरसावला, हा या हिशेबातला सर्वांत स्वच्छ धडा होय.

यावरून सामान्य प्रेक्षकाने सणाचा चित्रपट पाहू नये असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. आजीला आणि नातवाला एका रांगेत बसवणारी ठिकाणे आता थोडीच उरली आहेत, आणि त्यासाठी साधारण गुणांचा एखादा चित्रपट सोसणे हे काही मोठे मोल नव्हे. परंतु आपल्या तिकिटाची किंमत केव्हा किती असते हे त्याने ओळखून असावे. १०० रुपयांवरच्या तिकिटावर सरकार १८ टक्के कर घेते तो भाऊबीजेलाही तितकाच आणि मंगळवारीही तितकाच. मात्र भाऊबीजेचे तिकीट आधीच भरलेल्या सभागृहातील शेवटच्या खुर्चीचे असते, आणि ते काढले काय, न काढले काय, चित्रपटाच्या नशिबात अंतर पडत नाही. उलट सोमवार ते गुरुवार या दिवसांतील हजेरी पाहून चित्रपटगृहाचा व्यवस्थापक पुढच्या शुक्रवारचे खेळ ठरवतो, आणि त्या दिवसांत एखाद्या छोट्या चित्रपटाला आलेली वीस-पंचवीस माणसे त्याचा एक खेळ वाचवू शकतात. दिवाळीत घराच्या संमतीने एक चित्रपट पाहावा, आणि सुटी संपल्यावर कामाच्या दिवशी, कोणाचाही नकाराधिकार न जुमानता, स्वतःच्या पसंतीचा दुसरा पाहावा. पुढल्या दिवाळीची उचल कोणाला मिळावी याविषयी सामान्य प्रेक्षकाला काही म्हणावयाचे असेल, तर ते म्हणण्याची जागा तीच आहे.